त्या पोराच्या आईबद्दल

बाई, तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली आणि मी आज पहिल्यांदा तुम्हाला काही लिहायला बसले आहे. नायगावच्या शाळेत तुम्ही मला आठवी ते दहावी मराठी शिकवलंत. कपाळावर भस्माच्या तीन रेघा ओढून येणारी, वहीच्या समासातसुद्धा लिहिणारी, म्हणून तुम्ही जिला 'कंजूस वाणीण' म्हणायचात ती मी. अजून तशीच आहे. माझ्या पोराच्या शाळेच्या वह्यांतली उरलेली कोरी पानं मी फाडून, शिवून ठेवली होती, त्यांवर हे लिहिते आहे. रोजच्या खर्चाची वही शेजारीच पडली आहे, पण हे त्या वहीत लिहायचं नव्हे, एवढं मला कळतं. दहावीनंतर सामानाच्या यादीपलीकडं मी फारसं काही लिहिलेलं नाही. तेव्हा कुठं चुकलं तर लाल पेन काढू नका.

शनिवारची सकाळची शाळा आठवते का? शेवटचे दोन तास शिवणाचे असायचे. आम्ही मुली रुमालाला टाके घालायचो आणि तुम्ही खिडकीशी खुर्ची ओढून ती जाड कादंबरी वाचून दाखवायचात. पुठ्ठा निसटलेला, पहिली काही पानं गेलेली, त्यामुळं तिचं नाव काय, कुणी लिहिली, कुणी मराठीत आणली, काहीच कळायचं नाही. परदेशातली, बर्फाच्या मुलखातली गोष्ट. मोठ्या जहागिरीच्या घरातला एकुलता एक पोरगा. त्या घरात राबणाऱ्या बाईची एक मुलगी, त्याच्याच वयाची. तो तिला ओच्यात दगड भरून जिना चढायला लावायचा आणि वर गेली की परत खाली आणायला लावायचा. ती झोपली असताना त्यानं तिचे केस कातरले. तिनं जपलेलं पाखरू त्यानं थंडीत सोडून दिलं आणि सांगितलं, तूच पिंजरा उघडा ठेवलास. आमच्या सुया थांबायच्या, बाई. देगलूरकडची एक पोरगी तर दात खाऊन म्हणायची, "मला सापडू दे नुसता, चुलीत घालते भाड्याला." आणि तुम्ही चष्म्यावरून बघत म्हणायचात, "आधी रुमाल पुरा कर, मग चूल पेटव." शेवटी तो पोरगा मोठा होतो, जुगारात सगळं घालवतो आणि दारूच्या नशेत गोठलेल्या नदीवरून चालताना बर्फ फुटून आत जातो. त्या दिवशी आम्ही टाळ्या वाजवल्या. तुम्ही नुसतं पुस्तक मिटलंत.

मग तुम्ही आम्हाला त्या पोरावर एक पान लिहून आणायला सांगितलंत. मी समाससुद्धा न सोडता दोन पानं लिहिली. दुष्ट, लाडावलेला, पापी, नरकात जाणारा. मला वाटलं, तुम्ही माझंच वर्गात वाचून दाखवाल. तुम्ही मला टेबलापाशी बोलावलंत आणि वही पुढं सरकवून म्हणालात, "दोन पानं शिव्या घातल्यास गं. त्याच्या आईबद्दल एक ओळ न्हाई."

मी म्हणाले, "बाई, ती काय करती? ती तर नुसती दारात उभी असती."

"हाव. तेच लिही की मग."

मला राग आला. आई बिचारी, तिनं एक चापटसुद्धा कुणाला मारलेली नाही. ती फक्त म्हणते, माझ्या राजानं खेळूसुद्धा नये का? तिचं काय लिहायचं? मी लिहिलं नाही. तुम्हीही पुन्हा मागितलं नाहीत. दहावीचा निकाल लागला आणि त्याच उन्हाळ्यात माझं लग्न ठरलं. लग्नात लोकांनी ताटं-वाट्या दिल्या, तुम्ही खाकी कागदात गुंडाळून ती कादंबरी दिलीत. माझी आई नंतर म्हणाली, "बाईचा पगार एवढा, अन् पुस्तक दिलं, तेबी फाटकं." मला मात्र कळलं होतं की तुमच्याकडं असलेली सगळ्यात मोठी वस्तू तुम्ही मला दिली. लातूरला आल्यावर पहिल्या वर्षात मी ती दोनदा वाचली, दुपारी, भांडी झाल्यावर, दार लोटून. दोन्ही वेळा मी त्याच मुलीकडून होते. दुसऱ्या कुणाकडून असायचं कारणच नव्हतं.

आमचं घर गंजगोलाईच्या मागं, पुढं भुसार दुकान, मागं दोन खोल्या आणि मोरी. मालक तसे देवमाणूस, दुकानात तराजू कधी खोटा केला नाही, पण रागाला आले की त्यांना दिसायचं बंद व्हायचं. माझी दोन लेकरं दिवस भरायच्या आत गेली, त्यानंतर हा पोरगा झाला. सात वर्षांचा असताना त्यानं खेळता खेळता दुकानातल्या बरणीची काच फोडली. मालकांनी पट्टा काढला. त्याच्या कानातून रक्त आलं तेव्हाच त्यांचा हात थांबला, आणि मग तेच रडत त्याला कडेवर घेऊन दवाखान्यात पळाले. त्या दिवशी मी देवासमोर ठरवलं की पोराचं काहीही इथून पुढं बापाच्या कानावर जाऊ द्यायचं नाही. फुटलं तर मी फोडलं. सांडलं तर मांजरीनं सांडलं. बाई, मी खोटं बोलणारी बाई नव्हे, पण पोराच्या बाबतीत मी इतकं सफाईनं खोटं बोलायला शिकले की मला ते खोटं वाटेनासंच झालं.

पोरगा नऊ-दहा वर्षांचा झाला तेव्हा त्याला कळून चुकलं होतं की या घरात त्याला काहीही करता येतं. आणि तो अकरा वर्षांचा असताना आमची भाची आली.

मालकांची धाकटी बहीण देगलूरला दिली होती. ती तापानं गेली, तिच्या नवऱ्यानं सहा महिन्यांत दुसरी केली आणि नऊ वर्षांची पोर एका पिशवीसह आमच्या दारात आणून सोडली. काळी, बारीक, मोठ्या डोळ्यांची. बोलताना अर्धं कानडी यायचं तिला. आईला अव्वा म्हणायची. पहिल्या दिवशी जेवताना तिनं मला "मामी, सारु" म्हणून आमटी मागितली आणि माझा पोरगा ताटावरच लोळला. "सारु! सारु! ए सारु, इकडं ये." त्या दिवसापासून तिचं नाव सारु पडलं. गल्लीतली पोरंही तिला सारु म्हणायला लागली. मीही हसले, बाई. लेकरांची गंमत म्हणून हसले.

मग काय काय झालं, ते सगळं सांगत बसत नाही. तिच्या दुधात मीठ पडायचं. तिच्या वह्या पत्र्यावर जायच्या. क्रिकेटचा चेंडू बाभळीत गेला की तिला अनवाणी आणायला लावायचा आणि काटा मोडला की म्हणायचा, "लिंबू लाव, सारु, लोणचं होईल पायाचं." पोरं खो खो हसायची. ती एकदाच माझ्याकडं आली. पाय पुढं केला आणि म्हणाली, "मामी, दादाला सांगा ना." मी सुईनं काटा काढला, हळद लावली आणि म्हणाले, "खेळतंय गं लेकरू. तू त्याच्या वाट्याला जाऊ नकोस." हे वाक्य माझ्या तोंडून गेलं आणि मला कुठंतरी ऐकल्यासारखं वाटलं. कुठं ऐकलं ते आठवलं नाही. आठवून घ्यायचं नव्हतं, असं म्हटलं तर खरं होईल.

आता मुख्य गोष्ट. तुम्ही आमच्यातल्या नव्हता, पण आम्हा मुलींच्या गळ्यातली चांदीची छोटी डबी तुम्ही बघितली आहे. एकदा विचारलंही होतंत. त्यात आमचं इष्टलिंग असतं. लहानपणी गुरू देतात, ते मरेपर्यंत अंगावर असतं आणि मातीतही सोबत जातं. दुसऱ्याचं चालत नाही. रोज आंघोळ करून ते डाव्या तळहातावर घ्यायचं, भस्म लावायचं, बेल वाहायचा आणि त्याच्याकडं टक लावून बघत बसायचं. पूजा झाल्याशिवाय अन्न नाही. आता सगळे इतकं पाळत नाहीत, पण आमच्या घरात पाळलं जायचं, आणि भाचीला तर मीच शिकवलं होतं. तिच्या डबीचा दोरा तिच्या अव्वानं हातानं वळलेला होता. पोरगी मोठ्या माणसासारखी पूजा करायची. तिच्याजवळ तेवढंच तिचं होतं.

ती अकरा वर्षांची होती. एक दिवस सकाळी तिनं डबी काढून देवापुढच्या पाटावर ठेवली आणि परसात बेल तोडायला गेली. परत आली तर पाट मोकळा. आम्ही सगळं घर धुंडाळलं. धान्याच्या गोण्या हलवल्या, चुलीतली राख चाळली, मोरीच्या नळीत हात घातला. मालक दुकान उघडं टाकून आले. पोरगी रडतही नव्हती, नुसती पाटाकडं बघत होती. मी म्हणाले, "थोडं खाऊन घे, देव काय भुकेला ठेवत न्हाई." ती म्हणाली, "मामी, तुम्हीच सांगितलंय. पूजा न्हाई तर घास न्हाई." माझा पोरगा तिच्यासमोर बसून जेवत होता. भाकरी मोडत म्हणाला, "देवच पळाला हिचा! कटाळला असंल हिच्या भाषेला." मालकांनी त्याच्याकडं बघितलं आणि मी पटकन म्हणाले, "गप रे, जेव गुमान."

दिवस गेला, रात्र गेली. ती पाण्यावर होती. दुसऱ्या दिवशी दुपारी मी कपडे धुवायला बसले. पोराच्या खाकी चड्डीच्या खिशात हात घातला, कारण मी कपडा भिजवायच्या आधी नेहमी खिसे बघते. डबी माझ्या मुठीत आली. मागं पोरगा उभा. त्याचा चेहरा मी कधी विसरणार नाही. त्यात पश्चात्ताप नव्हता, फक्त हिशेब होता, की आई आता काय करते. म्हणाला, "गंमत केली. पप्पाला सांगू नको." दुकानातून मालकांचा आवाज येत होता. मला पट्टा दिसला. मला कान दिसला. त्याला मी एक चापटसुद्धा मारली नाही, बाई. डबी पदरात घेतली, देवघरात गेले, फुलांच्या परडीत तळाला ठेवली, वर बेल पसरला आणि तिला हाक मारली. "ये गं वेंधळे! ही काय, परडीत हाय. तूच बेल घ्यायच्या नादात टाकलीस."

ती धावत आली. तिनं डबी हातात घेतली, परडीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. आदल्या दिवशी ती परडी तिनंच तीनदा उलटी केली होती. मला वाटलं, आता ही बोलणार. पण मी तिची मामी होते, भस्म लावणारी, रोज पोथी वाचणारी. तिनं मान खाली घातली. "मीच ठेवलं असंल, मामी."

संध्याकाळी मालक तिला मठात स्वामींकडं घेऊन गेले, मीही सोबत. स्वामी फार मायेनं बोलले. म्हणाले, लेकराची चूक आहे, अकरा सोमवार उपास कर, झालं. ती हात जोडून म्हणाली, "अकरा न्हाई. मी हयातभर करीन." स्वामी हसले, तिच्या डोक्यावर हात ठेवला. मी शेजारी उभी. एक शब्द बोलले असते तर तिचं ओझं तिथल्या तिथं उतरलं असतं. घरी येऊन मी स्वयंपाक केला. मला आठवतं, त्या दिवशी मी पुरणपोळी केली होती. तिच्यासाठी.

त्यानंतर मी एकदा तुमच्याकडं आले होते, तुम्हाला आठवत असेल. नायगावला लग्न होतं. तुम्ही अंथरुणाला खिळलेल्या, तुमच्या बहिणीनं मला आत नेलं. तुम्ही ओळखलंत. "कंजूस वाणीण आली," म्हणालात. "वाचतेस का अजून?" मी हो म्हणाले. खोटं. मग तुम्ही विचारलंत, "तुझ्या घरी नणंदेची पोरगी हाय म्हणं. कशी हाय?" "मजेत हाय, बाई. माझ्या लेकीसारखी." तुम्ही माझा हात धरून ठेवलात, बराच वेळ. मला वाटलं, आता सांगावं. सांगितलं असतं तर तुम्ही मला रागावला असतात, आणि मी घरी जाऊन कदाचित तिला खरं सांगितलं असतं. पण तुमची बहीण चहा घेऊन आली. पुढच्या महिन्यात तुम्ही गेलात.

तुमच्या पुस्तकातला तो पोरगा बर्फात बुडाला. माझा बुडाला नाही. हेच मला कुणाला समजावून सांगता येत नाही. तो कॉलेजला गेला, सुधारला, आता पुण्यात चांगल्या नोकरीत आहे, बायको-पोरांवर हात उचलत नाही. मालक गेले तेव्हा मला धरून लहान लेकरासारखा रडला. भाचीच्या लग्नात तोच पाहुण्यांना वाढत होता, तोच तिला निरोप देताना कोपऱ्यात तोंड लपवून उभा होता. ती त्याला दरवर्षी राखी पाठवते. टाळ्या वाजवाव्यात असं काहीच झालं नाही. पट्टा मालकांचा होता, चोरी पोराची होती, आणि त्या दोघांचं दोघांना माफ झालं, काळानं केलं. पूजेला बसले की मात्र मला माझ्या लिंगाकडं टक लावून बघता येत नाही. इतकी वर्षं मी डोळे मिटून पूजा करते. बघणाऱ्याला वाटतं, केवढी भक्ती.

भाची नांदेडला असते, नवरा शाळेत शिक्षक आहे. लग्नाला सात वर्षं झाली तरी पोटपाणी पिकत नव्हतं, आणि आता दिवस गेले. मागच्या महिन्यात सातव्यात डोहाळजेवण होतं म्हणून मी गेले. रविवारी कार्यक्रम झाला, हिरवी साडी, फुलांची वाडी, सगळं. साडी माझ्या पोरानं पुण्याहून पाठवलेली. सोमवारी सकाळी ती ओट्यापाशी उभी होती आणि उभ्याउभ्याच खाली बसली, डोळे फिरवले. तिच्या नवऱ्यानं उचलून पलंगावर आणलं. पाणी मारलं. तो मला म्हणाला, "मामी, तुम्हीच सांगा आता हिला. डॉक्टरीणबाईनं दोनदा बजावलंय, उपास बंद. पोटातल्या लेकराचं वजन वाढत न्हाई. पण सोमवार आला की तोंडाला कुलूप. मी म्हणलं, देवाला मीच अर्ज लिहितो, रजा मंजूर करून घेतो. हसती पण न्हाई."

ती पडल्यापडल्या म्हणाली, "तुम्हाला न्हाई कळायचं. मामीला विचारा. मी देव हरवला होता."

बाई, ती बत्तीस वर्षांची बाई, पोटात सात महिन्यांचं लेकरू, आणि तिनं ते असं म्हटलं जसं काल घडलंय. मग माझ्याकडं वळून हळूच म्हणाली, "मला कधी कधी वाटतं मामी, सात वर्षं कूस उजवली न्हाई ते त्याच्यामुळंच."

मी तोंड उघडलं आणि म्हणाले, "थोडं दूध तरी घे." आणि दुपारच्या बसनं लातूरला आले.

घरी येऊन पोराला फोन केला. म्हणाले, तुला आठवतं का, लहानपणी तू भाचीची डबी लपवली होतीस. तो म्हणाला, "कुठली डबी? आई, काय जुनं काढून राहिलीस तू." तो लपवत नव्हता. त्याला खरंच आठवत नव्हतं. मी सगळं सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मी येऊन तिच्या पाया पडू का?" मी म्हणाले, "तू थांब. आधी माझं हाय ते मला करू दे."

पुढच्या सोमवारी पहाटेची बस धरली. ती नुकतीच पूजा करून उठली होती, नवरा शाळेत गेलेला. मी तिला खुर्चीवर बसवलं आणि समोर जमिनीवर बसले. ती म्हणाली, "अहो मामी, खाली काय बसता, वर बसा." मी बसले नाही. तिथूनच सांगितलं. खिसा, परडी, बेल, मठ. मी रडले नाही, कारण मी रडले असते तर तिनं मलाच जवळ घेतलं असतं. ऐकताना ती पोटावर हात फिरवत होती. मी थांबले तेव्हा तिचा हातही थांबला.

"दादानं केलं ते जाऊ द्या," ती म्हणाली. "ते लेकरू होतं." मग तिनं विचारलं: "तुम्ही परडीत बेल पसरत होता तेव्हा मी कुठं होते?"

"बाहेर. ओसरीवर. खांबाला टेकून बसली होतीस."

"उठवत न्हवतं मला तेव्हा. तुम्ही हाक मारली म्हणून पळत आले." आणि मग ती म्हणाली, "मग एवढे सोमवार मी कुणाचे केले, मामी?"

तिनं उत्तराची वाट बघितली नाही. उठून स्वयंपाकघरात गेली, काल रात्रीची भाकरी आणि दही घेतलं आणि ओट्यापाशी उभ्यानंच खाल्लं. सगळं खाल्लं. मी दारात उभी राहून बघत होते. हात धुऊन ती म्हणाली, "साडेअकराची बस हाय तुम्हाला." रागानं नाही म्हणाली. पाव्हण्याला सांगतात तसं म्हणाली. पिशवीत चार केळीही घातली.

त्याला आता तीन आठवडे झाले. जावयाचा फोन येतो. ती सोमवारी जेवते, वजन वाढतंय, सगळं ठीक आहे म्हणतो. ती फोनवर येत नाही. मी विचारतही नाही. बाळंतपणाला बोलवतील की नाही, माहीत नाही. बोलावलं नाही तरी डिंक, खारीक, मेथ्या आणून ठेवल्या आहेत, जावयाच्या हाती देईन. बाई, ती त्या दिवशी माझ्यादेखत जेवली, एवढं मला पुरलं पाहिजे. पुरत नाही, पण पुरलं पाहिजे.

हे पत्र कुठं पाठवणार? तुमच्या बहिणीचं घरही आता दुसऱ्याचं झालं म्हणतात. तुम्ही मागितलेली ओळ मी चाळीस वर्षं उशिरा लिहिली असं समजा. पण लिहून झाल्यावर पहिल्यापासून वाचून बघितलं, तर एका जागी मी तुम्हालाही चुकीचं सांगितलं आहे, आणि भाचीलाही तसंच सांगून आले. कपडे धुताना, दुसऱ्या दिवशी, खिशात सापडलं म्हणून. हातात तेव्हा आलं, हे खरं. पण कळलं होतं पहिल्याच दिवशी. ती उपाशी पाटाकडं बघत बसली होती, पोरगा जेवत होता, आणि तो भाजीसाठी पुढं वाकला तेव्हा त्याच्या खिशातून दोऱ्याचं टोक बाहेर आलेलं मी बघितलं. तिच्या अव्वानं वळलेला दोरा, दुसरा कसला असणार. मी म्हणलं, लेकरू ताटावर आहे, ताटावरून उठवू नये, जेवण होऊ दे, मग विचारू. आणि त्याला मी आणखी एक भाकरी वाढली.